केस सरळ करायची मशीन

मारेगावच्या आमच्या त्या भाड्याच्या घरात दिव्याचं बटण बोटानं दाबायची परवानगी कुणालाच नव्हती. प्रत्येक बोर्डाखाली खिळ्याला एक जुनं लाकडी लाटणं टांगलेलं असे. त्यानंच बटण वर करायचं, त्यानंच खाली. पायात रबरी चप्पल असल्याशिवाय बोर्डाच्या जवळ जायचं नाही. आमच्या अख्ख्या गल्लीत स्वयंपाकघरातसुद्धा चपला घालून वावरणारं आमचंच एक घर होतं. नव्यानं येणारी पाहुणी मंडळी नाक मुरडायची, पण आईला त्याचं काही नव्हतं. ओल्या हातानं कुणी खोलीच्या मधोमध जरी उभं दिसलं, तरी ती पदर घेऊन धावत यायची आणि आधी आमचे हात पुसायची, मग रागवायची. माझी मुलगी आता हे ऐकते आणि हसते. एका हातात चार्जिंगला लावलेला मोबाइल आणि दुसऱ्या हातात पाण्याचा ग्लास धरून ती हसते, आणि मी तिच्या हातातला ग्लास काढून घेते. तिला वाटतं मी चेष्टा करतेय.

आम्ही आधीपासून असे नव्हतो. थोरला भाऊ नितीनदादा होता तोवर घरात टेबलफॅन होता, इस्त्री होती, आणि खिडकीला लावलेला पत्र्याचा मोठा कूलर होता. एका उन्हाळ्यात, दुपारची जेवणं व्हायच्या आधी, दादा त्या कूलरमध्ये बादलीनं पाणी टाकत होता. बादली जड होती म्हणून त्यानं दुसरा हात पत्र्यावर टेकवला. तो ओरडला नाही. लोकांना वाटतं करंट लागला की माणूस ओरडतो. त्याच्या तोंडातून नुसता एक घरघरीसारखा आवाज आला आणि बादली उलटून अंगणभर पाणी झालं. आई चुलीवरचं चून, म्हणजे पिठलं, हाटता हाटता धावली, तिनं त्याच्या कमरेला मिठी घातली, आणि तीही फेकली गेली, तुळशीच्या कट्ट्यापर्यंत. आई वाचली. दादा नाही वाचला. आईचा उजवा हात पुढं कितीतरी दिवस कोपरापासून खाली मुंग्या आल्यासारखा राहिला, आणि तेव्हापासून तिच्या मनात एक गोष्ट पक्की बसली. ती गोष्ट तिनं एकदाच, पापड लाटताना, मान खाली घालून सांगितली होती. "करंटले माणूस ओळखू येते. ज्याले एकदा चाखलं अन् सोडलं, त्याले दुसऱ्या खेपेले नाही सोडत."

कूलर भंगारात गेला. इस्त्री, टेबलफॅन, सगळं गेलं. बाबा सरकारी कचेरीत बाबू होते, त्यांचे शर्ट बाहेर कडक होऊन यायचे. बाबांनी एका रविवारी मिस्त्री बोलावून घरातले सगळे प्लग काढले आणि भोकं सिमेंटानं बुजवली. पुढच्या खोलीतला एक प्लग तेवढा मिस्त्रीच्या सांगण्यावरून ठेवला, त्यावरही आईनं जाड पुठ्ठा चिकटवला. वैशाखात आमचं घर भट्टी व्हायचं. आम्ही फरशीवर पाणी शिंपडून पालथ्या पडायचो. पन्हं, कांद्याची कोशिंबीर आणि ज्वारीची शिळी भाकर ताकात कुस्करून, एवढंच दुपारी घशाखाली उतरायचं. आणि त्या निपचित दुपारी भिंतीपलीकडून शेजारच्या कूलरची घूं घूं ऐकू यायची. ती ऐकली की आई उठून मागच्या अंगणात, भर उन्हात जाऊन बसायची. शेजारी शमीमखाला राहायच्या. त्यांच्या नवऱ्याचं मोटारसायकल दुरुस्तीचं दुकान होतं. एकदा खालांनी आईला असं उन्हात बसलेलं बघितलं. दुसऱ्या दिवशी त्यांचा कूलर आमच्याकडची खिडकी सोडून रस्त्याकडच्या खिडकीला गेला, आणि खालांचं स्वयंपाकघर त्या उन्हाळ्यापासून तापतच राहिलं.

आता ताईच्या केसांविषयी. स्वातीताईला आईचे केस आले होते. काळेभोर, दाट, आणि असे कुरळे की कंगवा घातला तर दात मोडून तिथंच राहायचे. मलाही तेच केस, पण मी शाळेत होते, दोन घट्ट वेण्यांमध्ये माझं भागायचं. ताई वणीच्या कॉलेजातून बी. कॉम. झाली होती आणि तिला त्या घरातून बाहेर पडायचं होतं. असं ती कधी म्हणाली नाही. पण सकाळी लाटण्यानं दिवा बंद करताना तिचा चेहरा मी बघत होते. नागपूरला एका दवाखान्यात समोरच्या टेबलावर बसायच्या नोकरीसाठी ती जाऊन आली. तिथल्या माणसानं तिचे मार्क बघितले, इंग्रजी ऐकलं, आणि शेवटी पेन तिच्या डोक्याकडं करून म्हणाला, "बाकी सगळं ठीक आहे हो, पण हे जरा बसवून या पुढच्या वेळी. पेशंटला समोर हेच दिसतं." ताईनं हे मला सांगितलं तेव्हा ती रडली नाही. कंगव्यात अडकलेले केस एकेक करून काढत राहिली. मग महिनाभरानं दुसरीकडून बोलावणं आलं. तपासण्या करायची मोठी जागा होती, पगार बरा, राहायची सोय. ताई म्हणाली, "बारके, या खेपेले मी केसावरून परत नाही येनार."

गावातलं एकमेव पार्लर उघडायचं अकराला आणि नागपूरची गाडी निघायची सकाळीच. आदल्या दिवशी करून घ्यावं तर उन्हाळ्यात घामानं रात्रीतून पुन्हा जैसे थे. म्हणून ताईनं ठरवलं, मशीनच घ्यायची, घरी करायची. नोकरी लागली तर रोजच लागेल. शिकवणीचे पैसे तिच्याजवळ होते. घरी पुस्तकं आणायचं सांगून आम्ही दोघी वणीला गेलो.

दुकानदारानं काउंटरवर तीन डबे मांडले. पहिल्यावर कुठल्या कंपनीचं नावच नव्हतं, नुसता एका परदेशी बाईचा फोटो. तिसरा इतका महाग होता की ताईनं तो उघडूच दिला नाही. "भाऊ," मी विचारलं, "शॉक लागत नाही ना?" तो हसला. त्यानं ती बिननावाची स्वस्तातली मशीन बोर्डाला लावली तशी प्लगातून चट् करून निळी ठिणगी उडाली. मी मागच्या मागं सरकले ती थेट कुकरच्या डब्यांवर आदळले. "काही नाही होत ताई, नवीन माल आहे," म्हणत त्यानं तीच मशीन मुठीत पकडून वर केली. "हे पाहा. मी जिता आहो ना?" मला त्याच्याकडं बघवेना. मी त्याच्या मुठीकडं आणि मागच्या मेन स्विचकडं बघत होते, आणि मनातल्या मनात तिथवर पोचायला किती वेळ लागेल ते मोजत होते.

ताईनं मात्र डोकं शांत ठेवलं. तिनं त्या मशीनच्या दोन पट्ट्या मिटवून उजेडासमोर धरल्या. मधून उजेड दिसत होता. "हे बरोबर मिटतच नाही, केस कसे दबतीन?" मग मधला डबा. त्याच्या पट्ट्या चिनीमातीसारख्या गुळगुळीत होत्या आणि नीट मिटत होत्या. धरायची जागा जाड प्लॅस्टिकची. गरमी कमी-जास्त करायचं चाक होतं आणि चालू असल्याचा लाल दिवा. वायर मशीनमधून निघते तिथं रबराची जाड मान होती, आणि वायर गोल फिरत होती, पिळत नव्हती. मी प्लग बघितला. दोनच पिना. बाबांनी आम्हाला शिकवलं होतं, तीन पिना म्हणजे जीव सुरक्षित. मी ताईची बाही ओढली. दुकानदार म्हणाला, "केसाच्या मशिनी साऱ्या दोन पिनाच्याच येतात. वरून प्लॅस्टिक आहे, म्हणून तिसरी लागतच नाही." ते खरं होतं, हे मला आता ठाऊक आहे. तेव्हा मला वाटलं, आमच्या जिवाची तिसरी पिन हा माणूस बोलण्यात उडवून देतोय. ताईनं मधलीच घेतली. परतीच्या गाडीत ती पिशवी माझ्या मांडीवर होती आणि मांडी सुन्न झाली होती. आईच्या हातासारखी.

घरी नेणं शक्यच नव्हतं. मशीन शमीमखालांकडं राहिली, त्यांच्या ट्रंकेत, गोधड्यांखाली. करून बघायला डोकं माझं. खालांनी मला लाकडी खाटेवर बसवलं, ताईनं मशीन तापवली आणि माझ्या कानामागची एक बट पट्ट्यांत धरली. चर्र आवाज झाला आणि कानाशी पांढरा धूर. मी किंचाळले ती दारापर्यंत पळाले. खाला पोट धरून हसायला लागल्या. "अरी पगली, तेल जल रहा है तेरा! बालों में इतना तेल कौन लगाता है?" ताईही हसली. मी हसले नाही. तो वास कशाचा आहे हे मला कळत होतं, तरी पाय थांबत नव्हते. मग डोकं धुऊन, वाळवून पुन्हा बसले, आणि या खेपेला ती बट खरंच सरळ झाली. रेशमाच्या दोऱ्यासारखी गालावर पडली. बाकीच्या कुरळ्या जंगलात ती एकटीच.

त्याच बटेनं घात केला. संध्याकाळी आई माझ्या वेण्या घालायला बसली. तिची बोटं कानामागं गेली आणि थांबली. तिनं ती बट ओढली, सोडली, पुन्हा ओढली. ती परत वळत नव्हती.

"हे काय झालं तुह्या केसाले?"

मी ती बट कानामागं दडवायला लागले.

"बारके, मी काय विचारून राह्यली?"

ताई आतून आली आणि तिनं सगळं सांगितलं. नागपूरचं बोलावणं, मशीन, खाला. आई बराच वेळ माझी अर्धी वेणी हातात धरून बसली. मग उठली आणि शेजारी जाऊन मशीन घेऊन आली. पदरात गुंडाळून, अंगापासून लांब धरून, मेलेला साप काठीवर आणावा तशी. पुढच्या खोलीत पाटावर ठेवली आणि समोरच्या भिंतीला टेकून तिच्याकडं बघत बसली. बाबा कचेरीतून आले. त्यांनी पाट बघितला, ताईला बघितलं. "पोरी, नागपूरले जाय, मी नाही म्हणत नाही. पण हे घरात नोको," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज इतका बारीक झाला की ताई त्यांच्याशी भांडलीसुद्धा नाही. वरण-भात कुणीच नीट खाल्ला नाही. मला आठवतं, आम्ही सगळे त्या पाटाला वळसा घालून चालत होतो.

मुलाखतीच्या दिवशी मी उठले तेव्हा प्लगावरचा पुठ्ठा निघालेला होता. आईची आंघोळ झाली होती, देवापुढं दिवा होता. ताई आरशासमोर केसांना पाणी लावून ते दाबायचा प्रयत्न करत होती. आई म्हणाली, "पानी लावू नोको. पूस आधी, कोरडे कर. करायचंच हाय तं मी करतो."

"आई, तू नोको. मले येते करता, मी खालाकडं—"

"तुह्या हातात मी ते देत नाही, अन् दुसऱ्याच्या घरात तं नाहीच. बस इथी."

तिच्या आवाजात असं काही होतं की ताई बसली. लाकडी स्टुलावर, पाय वर घेऊन, तरी पायात चपला. आई पाटावर उभी राहिली, पाटाखाली घडी केलेलं पोतं. बाबांना तिनं मीटरच्या मेन स्विचपाशी उभं केलं, हात स्विचवरच ठेवून. आणि मला दिला कपडे धुवायचा मोगरा, वाळलेला. "मी चिपकलो तं मले हात लावजो नोको," ती माझ्या डोळ्यांत बघून म्हणाली. "कोनीच लावजो नोको. हातावर मोगरा मारजो. जोरानं मारजो, आई हाय म्हणून पाहू नोको." मी सोळा वर्षांची होते. मोगरा माझ्या घामानं ओला होईल आणि मग त्यातूनही करंट येईल, या भीतीनं मी तो सारखा फ्रॉकला पुसत होते.

लाटण्यानं बटण दाबलं. लाल दिवा लागला. आईनं मशीन उचलली आणि खोलीत एक बारीक टक-टक-टक आवाज सुरू झाला. मला वाटलं मशीनमध्ये काही बिघडलं. पण त्या दोन पट्ट्या होत्या, आईच्या हाताच्या थरथरीनं एकमेकींवर आपटत होत्या. तिनं डावा हात उजव्या मनगटाभोवती आवळला, पहिली बट धरली आणि खाली ओढली. मग दुसरी. ओठ हलत होते, देवाचं नाव असावं. ताईनं डोळे गच्च मिटले होते. बाबा भिंतीकडं तोंड करून उभे होते, मेनवर हात, आणि दर थोड्या वेळानं विचारायचे, "हाय ना? सगळं बरं हाय ना?" लाइन सात वाजता जायची होती, त्या वर्षी रोजच जायची, आणि डोक्याच्या मागची बाजू अजून पुरी बाकी होती. आई भरभर करायला लागली. मानेजवळची बट धरताना तिचं बोट पट्टीला लागलं आणि ती ओरडली, "आई गं!"

मी मारलं. विचार केलाच नाही. दोन्ही हातांनी मोगरा उचलला आणि तिच्या मनगटावर हाणला. मशीन खाली पडली, बाबांनी मेन खाडकन ओढला, लाल दिवा विझला, ताई स्टुलावरून कोसळली. आई मनगट पोटाशी धरून वाकली होती. मग ती म्हणाली, "अवं, चटका बसला होता. करंट नाही. चटका!" आणि लगेच भिंतीकडं वळून, "अहो, मेन चालू करा. अर्धंच डोस्कं झालं पोरीचं!"

मनगट तोवर लिंबाएवढं सुजलं होतं. तिनं मशीन उचलून पदरानं पुसली, पट्ट्या मिटवून बघितल्या, आणि उरलेलं डोकं डाव्या हातानं केलं. मी पुन्हा मोगरा घेऊन उभी राहिले. या वेळी मला त्या मशीनइतकीच माझ्या हातांची भीती वाटत होती. शेवटची बट झाली आणि लाइन गेली. ताई उठली, आरशात बघितलं, आणि आरशातली मुलगी आमच्या कुणाच्याच ओळखीची नव्हती. आई म्हणाली, "जाय आता. गाडी चुकन."

वरोऱ्याच्या पुढं गाडीत घामानं ताईचे केस मुळाशी पुन्हा वळायला लागले होते, हे तिनं नंतर सांगितलं. तिनं ते रुमालानं दाबून धरले. नोकरी तिला लागली. केसांमुळं की मार्कांमुळं, हे कुणी सांगितलं नाही आणि तिनंही विचारलं नाही. पुढं काही वर्षांनी तिनं मशीन वापरणं सोडलं. आता तिच्या हाताखाली माणसं आहेत आणि ती कुरळे केस मोकळे सोडून ऑफिसला जाते.

पण मला त्या दिवसाची दुपार सांगायची आहे. बाबा कचेरीत गेले होते. मी आईच्या मनगटावर हळद-चुन्याचा लेप लावून दिला होता आणि ती डाव्या हातानं तुरीची डाळ निवडत बसली होती. दार ढकलून शमीमखाला आल्या. हातात चार पुडांचा डबा, डोळे सुजलेले. आईला बघून त्या उंबऱ्यातच थांबल्या.

"जिंदा है ये तो!" त्या म्हणाल्या, आणि तिथंच बसल्या. मग आईला अशा शिव्या द्यायला लागल्या की मी चकित होऊन बघत राहिले. "सुबह मुँह अँधेरे आके मेरे को बोलती, भाभी, आज दुपारी मी नसलो तं बारकीले अन् तिच्या बाबाले दोन दिवस जेवू घालजो. इतना बोल के चली गई! मैं तब से चूल्हे के पास रो रही, रोते-रोते रोटी डाल रही. आने की हिम्मत नहीं हो रही थी मेरे को. कान लगा के बैठी, के अब रोने की आवाज आई, अब आई..."

"मंग?" आई डाळीतला खडा बाजूला काढत म्हणाली. "सांगून ठेवा लागते ना. बारकीले कुठी येते भाकरी थापता."

मी विचारलं, "आई, तुले खरंच वाटत होतं का तू मरशीन म्हणून?"

"हो तं."

"मंग बाबाले काहून नाही दिली मशीन?"

आईनं मान वर केली. तिला हा प्रश्न फारच खुळचट वाटला असावा.

"तुह्या बाबाले कधी वेणी तरी घालता आली का?" ती म्हणाली. "केस जाळून टाकले असते पोरीचे."